अ‍ॅडासची गाडी आणि पुण्याचे रस्ते: कुठे चालू करायचं, कुठे बंद, आणि जबाबदारी कुणाची

अ‍ॅडास (वेग, ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत लोकांचं चुकतं ते बहुतेक वेळा दोन क्षणी. एक यंत्रणा चालू करताना, दुसरा ती बंद करायची वेळ टळून गेल्यावर. मधल्या सरळ रस्त्यावर गाडी छान चालते आणि त्यामुळेच माणूस गाफील होतो. पुण्यात आता मध्यम किमतीच्या गाडीतही ही सोय मिळते. पण डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो यांच्या गडबडीत तिच्याबद्दल जेमतेम पाच मिनिटं सांगितलं जातं. उरलेलं मालक कुठले तरी व्हिडिओ बघून शिकतो, आणि त्या व्हिडिओंत स्टिअरिंगवरून हात सोडून दाखवणं हीच मुख्य करामत असते.

म्हणून इथे तयारीपासून सगळं क्रमाने लिहिलं आहे. घाई असली तरी पहिले तीन टप्पे वगळू नका.

## आधी हे पक्कं करा: गाडी चालवतंय कोण?

एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मोजपट्टीत स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा पातळ्या आहेत. आपल्याकडच्या शोरूममध्ये 'लेव्हल टू' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत वेग आणि स्टिअरिंग या दोन्हींना यंत्रणा एकाच वेळी हात लावते, पण रस्त्यावर नजर ठेवायचं काम पूर्णपणे ड्रायव्हरचं राहतं. यंत्रणेने सूचना दिली नाही, उशिरा दिली किंवा चुकीची दिली, तरी सावरायचं तुम्हालाच. मॅन्युअलमध्ये हे प्रत्येक फीचरच्या खाली लिहिलेलं असतं, आणि तेच पान कोणी उघडत नाही.

कायदाही याच बाजूने उभा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. 'त्या वेळी गाडी आपली आपणच चालत होती' असं सांगून सुटका करून देणारं कलम यांपैकी कुठेच नाही.

परदेशातही फार वेगळं घडलेलं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. फौजदारी खटला दाखल झाला तो गाडीत देखरेखीला बसलेल्या व्यक्तीवर, कंपनीवर नाही. फ्लोरिडातल्या २०१९ च्या एका अपघातात टेस्लाचं ऑटोपायलट चालू होतं आणि ड्रायव्हर खाली पडलेला फोन उचलायला वाकला होता. २०२५ मध्ये ज्युरीने कंपनीलाही दोषी धरलं, पण दोषाचा मोठा वाटा, सुमारे दोन तृतीयांश, ड्रायव्हरच्याच पदरात टाकला.

## टप्पा १: तुमच्या गाडीत नेमकं काय आहे, ते कागदावर उतरवा

'अ‍ॅडास आहे' एवढं म्हणून काहीच कळत नाही. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये फीचर वेगळी असतात. मॅन्युअल उघडा आणि एका कागदावर तीन रकाने करा.

पहिल्या रकान्यात फक्त इशारा देणारी फीचर लिहा: पुढच्या धडकेचा इशारा, लेन सुटल्याचा इशारा, ब्लाइंड स्पॉटमधल्या (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या) वाहनाचा इशारा, गाडी मागे घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा. दुसऱ्यात आणीबाणीत हस्तक्षेप करणारी: आपोआप लागणारा ब्रेक, लेन सुटू लागली की स्टिअरिंग ओढणारं लेन कीप असिस्ट. तिसऱ्यात सतत चालणारी: पुढच्या गाडीपासून अंतर राखत ठरवलेला वेग धरणारं अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढे नुसतं 'क्रूझ') आणि लेनच्या मध्ये धरून ठेवणारी सोय.

आता प्रत्येकापुढे लिहा: किती वेगापासून किती वेगापर्यंत चालतं, दुचाकी आणि पायी माणूस ओळखतं का, आणि गाडी बंद करून परत चालू केल्यावर सेटिंग तसंच राहतं की पुन्हा मूळपदावर येतं. हा शेवटचा मुद्दा फार जणांना माहीत नसतो. काही गाड्यांत काल बंद केलेलं लेन कीप आज इग्निशन दिलं की आपोआप चालू होतं. मग सिंहगड रोडवर खड्डा चुकवताना स्टिअरिंग उलटं ओढलं गेलं की माणूस दचकतो.

तपासा: क्रूझ सेट करण्याचं, रद्द करण्याचं आणि अंतर बदलण्याचं बटण न बघता बोटाला सापडतं का? गाडी घरासमोर उभी असतानाच हे हाताला बसवून घ्या.

## टप्पा २: यंत्रणेचे डोळे साफ आणि मोकळे ठेवा

साधारणपणे कॅमेरा पुढच्या काचेवर, आरशाच्या मागे असतो. पुढचा रडार बंपरमध्ये किंवा ग्रिलच्या मागे, आणि बाजूचे रडार मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत लपलेले असतात. पुण्यात त्यांच्या वाटेत काय काय येतं ते बघा.

फास्टॅग. आरशाच्या मागे काचेचा मधला भाग मोकळा दिसतो म्हणून स्टिकर तिथेच चिकटवला जातो, आणि कॅमेऱ्याची खिडकी अर्धी झाकते. स्टिकर कॅमेऱ्याच्या समोरची जागा सोडून लावा. पार्किंगच्या पासचंही तेच.

डॅशबोर्डवरचा गणपती. मूर्ती ठेवायला हरकत नाही, पण चकाकणारी मूर्ती, पांढरं आसन किंवा लोंबणारी माळ यांचं प्रतिबिंब काचेत पडतं. कलत्या उन्हात ते कॅमेऱ्याला आणि तुम्हालाही त्रास देतं. मूर्ती लहान आणि मॅट रंगाची घ्या, आरशाला काही लटकवू नका.

बंपर गार्ड. खासगी गाडीला तो लावायला बंदी आहेच, शिवाय रडारच्या समोर लोखंड आलं की त्याची नजरच अडते. जाडजूड नंबरप्लेट फ्रेम, एलईडी पट्ट्या, ग्रिलवरचं क्रोम, सगळ्यांना हाच नियम.

पावसाळ्यात मुळशी किंवा भोरकडून आलात की बंपरवर चिखलाचा थर बसतो. रडारची जागा कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेलं असतं, तेवढा भाग ओल्या फडक्याने पुसून घ्या. वायपरची रबरं झिजली असतील तर बदला, कारण कॅमेरा त्याच काचेतून बघतो.

सावधान: पुढची काच बदलली, बंपर काढून रंगवला, पुढून धडक बसली, सस्पेन्शनचं काम झालं किंवा टायरचा आकार बदलला, तर कॅलिब्रेशन (कॅमेरा-रडारची नजर पुन्हा नेमकी जुळवणं) लागतं का हे सर्व्हिस सेंटरला विचारा. काच बदलल्यावर तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालंच पाहिजे. कॅमेरा अगदी थोडा तिरका बसला तरी शंभर मीटरवर त्याची नजर भलत्याच लेनमध्ये पडते. बाहेरच्या गॅरेजमध्ये काच स्वस्तात बसते, पण कॅलिब्रेशनचं साहित्य तिथे असेलच असं नाही. झालेलं काम जॉब कार्डवर लेखी घ्या. त्याचा खर्च विम्यात धरलाय का, हे क्लेमच्या वेळी नाही, पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी विचारा.

रंगकामाबद्दल आणखी एक. मागच्या बंपरचा कोपरा चेपला की त्यावर पुट्टी भरून रंग मारला जातो. त्याच्या आत ब्लाइंड स्पॉटचा रडार असेल तर पुट्टीच्या जाड थरातून त्याचे तरंग नीट जात नाहीत. डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागेलच असं नाही.

## टप्पा ३: बसणं आणि सेटिंग

सीट अशी लावा की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. अ‍ॅडास चालू असताना लोक पाय मागे घेऊन, मांडी मोकळी करून बसतात. तिथून ब्रेकवर पाय येईपर्यंत जो वेळ जातो, त्यात ताशी १०० किमी वेगाने गाडी दर सेकंदाला २८ मीटर पुढे गेलेली असते. पाय ब्रेकच्या समोर, टाच जमिनीवर. हात घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी, सैल पण स्टिअरिंगवर.

पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता टेकवूनही ठेवू नका. बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला की 'ड्रायव्हरला पुढे जायचंय' असा अर्थ काढून क्रूझचं ब्रेक लावणं थांबतं.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर तीन-चार पायऱ्यांत ठरवता येतं. सुरुवातीला सगळ्यात मोठं ठेवा. 'मग मध्ये गाड्या घुसतात' ही तक्रार मी सतत ऐकतो. घुसू द्या. गाडी घुसली की क्रूझ वेग कमी करून पुन्हा अंतर धरतं, त्यात अर्धं मिनिट जातं. अंतर सगळ्यात लहान करून टाकलं तर पुढच्याने अचानक ब्रेक मारल्यावर तुमच्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

धडकेच्या इशाऱ्याची संवेदनशीलता शहरात त्रास देत असेल तर कमी करा, पण आपोआप लागणारा ब्रेक बंद करू नका. बीप-बीप नको म्हणून सगळंच बंद करून टाकणारे मला दर महिन्याला भेटतात. शहराच्या गर्दीत उपयोगाचं असं खरं तर तेवढंच आहे.

## टप्पा ४: आधी सराव, मग प्रवास

पहिला सराव घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला निघालेल्या दिवशी करू नका. शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडून, दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर, शेजारी एक जाणता माणूस बसवून बाहेर पडा. किवळ्याहून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लागून तळेगाव-कामशेतपर्यंतचा भाग त्यातल्या त्यात सोयीचा आहे. घाट अजून लांब असतो आणि दुचाक्यांना तिथे बंदी आहे.

क्रम असा ठेवा:

1. आधी फक्त क्रूझ, ८० च्या वेगाला, डाव्या-मधल्या लेनचं भान ठेवून. लेन धरणारी सोय बंद.
2. ब्रेक दाबून क्रूझ रद्द करा. मग रद्द करण्याच्या बटणाने करा. दोन्हींत गाडी कशी वागते ते बघा. बटणाने रद्द केल्यावर गाडी ब्रेक लावत नाही, नुसती सुटी होते.
3. पुढे हळू गाडी आल्यावर यंत्रणा किती अंतरावरून वेग कमी करायला लागते ते पाहा. तुम्ही स्वतः जिथे ब्रेक लावला असता त्याहून ते उशिरा असेल, तर तो फरक लक्षात ठेवा.
4. आता लेन धरणारी सोय चालू करा. इंडिकेटर न देता लेन बदलायचा प्रयत्न केल्यावर स्टिअरिंग किती जोराने विरोध करतं, ते मागे-बाजूला कोणी नसताना एकदा अनुभवा. इंडिकेटर दिल्यावर तो विरोध जातो.
5. शेजारच्याला मध्येच 'घ्या' म्हणायला सांगा. तो म्हणाला की गाडी पूर्ण तुमच्या हातात घ्यायची. हात आणि पाय आपापल्या जागी असतील तर हे चटकन होतं. नसतील तर तिथेच कळतं.

सावधान: आपोआप लागणारा ब्रेक तपासायला माणूस, खोकं किंवा कुत्रं समोर ठेवून प्रयोग करू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांना गाडीसमोर उभं करून व्हिडिओ काढलेले मी पाहिले आहेत. तो ब्रेक धडक टाळण्याची हमी देत नाही. पुष्कळदा तो फक्त धडकेचा वेग कमी करतो.

## टप्पा ५: निघण्यापूर्वी चालू-बंदच्या जागा ठरवा

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. गाडी चालत असताना 'आता बंद करावं का' असा विचार करत बसायचं नसतं. तो निर्णय घरी, नकाशा समोर ठेवून घ्यायचा.

शहरात: क्रूझ आणि लेन धरणं बंद, इशारे आणि आपत्कालीन ब्रेक चालू. कर्वे रोड, लक्ष्मी रोड, नगर रोड, हिंजवडीचे रस्ते, सगळीकडे हेच. कारणं तुम्हाला माहीतच आहेत. यंत्रणा सिग्नल पाळत नाही. रंग उडालेला गतिरोधक तिला दिसत नाही. खड्डा म्हणजे काय हे तिला कळत नाही. मेट्रोच्या आणि पुलांच्या कामांपाशी जुने पट्टे, नवे पट्टे आणि बॅरिकेड एकमेकांत मिसळलेले असतात, त्यात कॅमेरा कुठला पट्टा धरेल सांगता येत नाही. सर्व्हिस रोडवर राँग साइडने येणारी दुचाकी हा तर आपल्याकडचा रोजचा प्रकार. आणि पीएमपीच्या बसमागे तुम्ही सोडलेल्या फटीत दोन्ही बाजूंनी स्कूटर शिरतात, तेव्हा क्रूझ एकदा करकचून थांबतं, एकदा सुसाट निघतं.

कात्रज बोगदा ते नवले पूल: इथे क्रूझ नकोच. लांब उतार, मागून भरलेले ट्रक आणि कंटेनर, पुढे अचानक तुंबलेली गर्दी. ट्रक न्यूट्रलवर सोडणं, ब्रेक तापून निकामी होणं ही इथली जुनी दुखणी आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच उतारावर एका अवजड वाहनाच्या धडकेत कितीतरी गाड्यांचं नुकसान झालं. तुमची यंत्रणा समोर बघते. मागून येणारा ब्रेक गेलेला ट्रक तिच्या हिशेबात नाही. तिने एखाद्या सावलीला किंवा बाजूच्या गाडीला घाबरून विनाकारण ब्रेक लावला, तर त्या उतारावर मागच्याला थांबायला जागा नसते. बोगद्यातून बाहेर पडण्याआधी क्रूझ रद्द करा, गिअर खाली घ्या, आरशावर नजर ठेवा.

घाट: खंडाळा, खंबाटकी, दिवे, ताम्हिणी, वरंधा. सगळीकडे क्रूझ आणि लेन धरणं बंद. कारण टप्पा ७ मध्ये येतं.

मुंबईला जाणार असाल तर एका चिठ्ठीवर एवढंच लिहा: किवळे ओलांडल्यावर चालू, उर्से टोलनाक्याआधी बंद, नाक्यानंतर चालू, लोणावळ्याच्या आधी बंद, घाट उतरून खालापूरचा नाका गेल्यावर चालू, कळंबोलीच्या आधी बंद. ही चिठ्ठी शेजारी बसणाऱ्याच्या हातात द्या. त्याने वेळेवर आठवण करायची.

## टप्पा ६: एक्स्प्रेसवेवर प्रत्यक्ष वापरताना

चालू करताना आधी लेन स्थिर, वेग स्थिर, पुढे मोकळं. मग क्रूझ. डॅशबोर्डवर पुढच्या गाडीचं चित्र आलं का, दोन्ही बाजूंच्या लेनच्या रेघा रंगीत झाल्या का, हे एका नजरेत बघा. रेघा करड्या असतील तर गाडीने लेन धरलेली नाही, तुम्हाला फक्त तसं वाटतंय. ही रेघ चालता चालता करडी होते आणि आवाजही येईलच असं नाही. म्हणून दर थोड्या वेळाने तिकडे एक कटाक्ष टाकायची सवय लावा.

उभं वाहन. एक्स्प्रेसवेवरचा खरा धोका हा. बंद पडलेला, दिवे नसलेला, मागे दोन दगड ठेवून उभा केलेला ट्रक. जास्त वेगात बऱ्याच यंत्रणा स्थिर वस्तू गाळून टाकतात, नाहीतर प्रत्येक फलकाला आणि पुलाच्या खांबाला गाडी ब्रेक लावत बसली असती. मॅन्युअलमध्ये 'थांबलेल्या वाहनाला प्रतिसाद मिळेलच असं नाही' असं स्पष्ट दिलेलं असतं.

याचं सगळ्यात वाईट रूप असं: तुम्ही एका गाडीच्या मागे १०० ने चालला आहात. त्या ड्रायव्हरला समोरचा उभा ट्रक दिसतो, तो शेवटच्या क्षणी कट मारून बाजूला होतो. तुमच्या यंत्रणेच्या दृष्टीने पुढची गाडी गेली, रस्ता मोकळा झाला, आणि ती उलट वेग वाढवायला लागते. यावर उपाय एकच: नजर पुढच्या गाडीवर नव्हे, तिच्याही पुढे दोन गाड्यांवर. पुढच्याने इंडिकेटर न देता झटक्यात लेन सोडली की कारण शोधत बसू नका, आधी पाय ब्रेकवर.

बाहेर आलेला माल. सळया लादलेला टेम्पो पुढे असेल तर रडार टेम्पोच्या मागच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजतो. त्या बाहेर दोन मीटर लोंबणाऱ्या सळया त्याने मोजलेल्याच नसतात. अशा वाहनाच्या मागे क्रूझवर राहू नका.

लेन बदलताना. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून एक नजर, मग लेन. काही गाड्यांत उजवा इंडिकेटर दिल्याबरोबर क्रूझ ओव्हरटेकसाठी वेग वाढवायला लागतं. उजवीकडे जागा नसताना सवयीने इंडिकेटर दिला तर गाडी पुढच्या ट्रककडे धावते. ब्लाइंड स्पॉटचा दिवा विझलेला आहे म्हणजे बाजू रिकामी आहे, असं धरू नका.

रिझ्यूमचं बटण. तुम्ही १०० सेट केलं होतं. तळेगावला उतरलात, वेग ४० वर आला, आणि अंगवळणी पडल्याप्रमाणे रिझ्यूम दाबलं. गाडी जुना वेग गाठायला निघते, समोर वळण असतं. एक्स्प्रेसवे सोडताना नुसतं रद्द करून भागत नाही. क्रूझची मुख्य प्रणालीच बंद करा, म्हणजे जुना वेग सहसा पुसला जातो. आणि ज्या वळणावर उतरायचं, त्याच्या लेनमध्ये शिरण्याआधी करा. पुढची गाडी सरळ निघून गेली आणि तुम्ही बाहेर पडायच्या लेनमध्ये क्रूझवर राहिलात, तर रस्ता मोकळा समजून तिथेही वेग वाढतो.

टोलनाका. निदान अर्धा किलोमीटर आधी बंद. आडवा दांडा, शंकू, रांग सोडून मध्येच घुसणारा ट्रक, नाक्यावरचा माणूस, यांतलं काहीही यंत्रणेच्या भरवशावर सोडायचं नाही.

सावधान: स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून किंवा बाजारात मिळणारं वजन लावून 'हात ठेवा' हा इशारा गप्प करण्याचे प्रकार चालतात. तो इशारा म्हणजे तुम्ही जागे आहात का, हे विचारण्याची गाडीकडे असलेली मुख्य सोय आहे. दुसऱ्याच्या गाडीत बसलात आणि असं काही दिसलं, तर पहिल्या फूडमॉलला थांबवून ते काढायला लावा. त्यात भीड बाळगू नका.

झोपेबद्दलही सांगायला हवं. काही न करता फक्त लक्ष ठेवून बसणं हे चालवण्यापेक्षा जास्त पेंग आणतं. दुपारच्या जेवणानंतर किंवा पहाटे निघाला असाल तर मुद्दाम क्रूझ बंद ठेवून स्वतः चालवा. डोळे जड होत असतील तर अ‍ॅडास हा त्यावरचा उपाय नाही. गाडी थांबवणं हाच उपाय.

## टप्पा ७: घाट, पाऊस, रात्र

वळणावर रडारच्या समोरून पुढची गाडी निसटते. मग यंत्रणा एकतर वेग वाढवते, किंवा शेजारच्या लेनमधला ट्रक समोरचा समजून ब्रेक लावते. बोरघाटात दोन्ही गोष्टी एकाच वळणावर घडू शकतात. तीव्र उतारावर क्रूझ सेट केलेला वेग धरून ठेवेलच असं नाही, हेही मॅन्युअलमध्ये असतं. घाटातली वेगमर्यादा वेगळी असते, फलक वाचून स्वतः पाळा.

जुलैत खंडाळ्याला धुकं आणि पाऊस एकदम येतात. काचेवर पाण्याचा पडदा, पट्ट्यांवर चकाकी, पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारा फवारा. कॅमेरा अशा वेळी 'तात्पुरतं उपलब्ध नाही' असा संदेश देतो, तो आला तर बरंच. न येताच तो चुकीची रेघ धरून बसला तर जास्त वाईट. वायपर जोराच्या वेगावर टाकावे लागले की क्रूझ आणि लेन दोन्ही बंद, हा नियम स्वतःला घालून घ्या. बोगद्याच्या तोंडाशी उजेड झटकन बदलतो, तिथेही हात घट्ट.

रात्री सोलापूर रोड, बारामती, फलटण या बाजूंना जाणार असाल तर गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, उसाचे ट्रॅक्टर असतात. एकामागे दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर पसरलेला ऊस. त्या आकाराला यंत्रणा वाहन म्हणून ओळखेल यावर विसंबू नका. बैलगाडीचंही तसंच. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरच्याच्या हाय बीमने कॅमेराही दिपतो. तिथे वेग तेवढाच ठेवा, जेवढ्यात तुमच्या दिव्यांच्या उजेडात गाडी थांबेल.

तपासा: ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डिपरवर तुम्हाला किती मीटर दिसतं?

## टप्पा ८: सॉफ्टवेअर अपडेट आणि दुसऱ्याच्या हाती गाडी

अपडेट आलं की फोनसारखं 'ओके' करून मोकळे होऊ नका. काय बदललं ते वाचा. अपडेटनंतर टप्पा १ मधला कागद काढून सेटिंग पुन्हा ताडून पाहा, आणि पहिला प्रवास सरावासारखा करा. ब्रेकची किंवा स्टिअरिंगची ओढ थोडी जरी बदलली असेल तरी ती एक्स्प्रेसवेवर अचानक कळू नये.

गाडी मुलाला, वडिलांना, किंवा एका दिवसासाठी बोलावलेल्या ड्रायव्हरला देताना दोन वाक्यं सांगायलाच हवीत: 'दादा, यात लेन कीप आहे, इंडिकेटर न देता वळवलं तर स्टिअरिंग ओढतं. आणि पुढे काही आलं तर गाडी स्वतःहून ब्रेक लावू शकते, दचकू नका.' वीस वर्षं साधी गाडी चालवलेल्या माणसाला स्टिअरिंग हातात ओढल्यासारखं वाटलं की तो घाबरून उलटा जोर लावतो. त्याला हे शिकवायला वेळ नसेल तर लेन कीप बंद करून चावी द्या, आणि क्रूझ वापरू नका असं स्पष्ट सांगा.

## टप्पा ९: काही झालंच तर

थांबणं बंधनकारक आहे. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ड्रायव्हरची जबाबदारी आहे. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन करा. हॅझर्डचे दिवे लावा. एक्स्प्रेसवेवर असाल तर सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे न्या आणि त्रिकोण पुरेसा मागे ठेवा. मागून येणाऱ्या गाडीचा अ‍ॅडास तुमच्या उभ्या गाडीला बघेल की नाही, हे तुम्ही आता वाचलंच आहे.

डॅशकॅमचं फुटेज लगेच जतन करा, नाहीतर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. त्या क्षणी क्रूझ आणि लेन चालू होतं का, काही इशारा आला होता का, डॅशबोर्डवर कुठला संदेश होता, हे आठवतंय तोवर लिहून ठेवा. पोलिसांना आणि विमा कंपनीला जे घडलं तेच सांगा. यंत्रणेत दोष होता असं वाटत असेल तर सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि गाडीतली नोंद तपासून अहवाल द्यावा अशी मागणी त्यातच करा. आणि किरकोळ धडक असली, बंपरला नुसता चरा दिसत असला, तरी पुढचा रडार आणि कॅमेरा तपासून घेतल्याशिवाय क्रूझचं बटण पुन्हा दाबू नका.